एकोणीस ब्रेकर आणि रशीदमामू

माझं बाळंतपण होण्याआधी रशीदमामूंनी त्याची सात वेळा रंगीत तालीम केली. शेलूबाजारहून वाशीमच्या दवाखान्यापर्यंत आणि परत, त्यांच्या जुन्या जीपमधून. माझ्या जागी मागच्या सीटवर दह्याचा गंज असायचा, म्हणजे झाकणाचं पातेलं.

मी गंमत करत नाही. आदल्या दिवशी दुधाला विरजण लावायचं, सकाळी दही जेमतेम धरलं की गंज चादरीत गुंडाळून सीटवर ठेवायचा आणि निघायचं. परत आले की मामू तो गंज आमच्या ओट्यावर आणून ठेवत, झाकण काढत आणि आईला म्हणत, "पाहा वैनी. पानी सुटलं. म्हंजे रस्ता अजून पोरीच्या लायक नाई."

आई वाकून पाहायची आणि गंभीरपणे मान हलवायची. बाबा पाहायचे. दूधवाला असला तर तोही पाहायचा. दोन आठवड्यांत आमच्याकडे सात वेळा कढी झाली, आणि प्रत्येक घासाला मला वाटत होतं की मी माझाच वैद्यकीय अहवाल भातावर ओतून खाते आहे.

रशीदमामू आमच्या समोर राहतात. सत्तरीचे, सडपातळ, दाढीला मेंदी लावलेले, आणि गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात जीपची किल्ली. चाळीस वर्षं त्यांनी शेलूबाजार ते वाशीम सवाऱ्या वाहिल्या. आता सवाऱ्या बंद आहेत, पण जीप त्यांच्या दारातल्या कडुनिंबाखाली उभी असते आणि मामू रोज सकाळी ती पुसतात. घरात ते एकटेच. बायको फार वर्षांपूर्वी गेली. मुलगी शबाना लग्न होऊन भुसावळला. मी लहान होते तेव्हापासून त्यांना मामू म्हणते, कारण सगळा मोहल्ला म्हणतो.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे: "हे बराबर नाई होऊन राह्यलं." पेट्रोलचा पंप बंद असला तरी हेच, नळाला पाणी उशिरा आलं तरी हेच, शेजारच्याच्या बकरीला तिळी झाली तरी हेच. बकरीचा त्यात काय दोष, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी पुण्यात नोकरी करते; नवरा निखिलही तिथेच. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सातव्या महिन्यात शेलूबाजारला आले. माझी शाळा वाशीमची, इंग्रजी माध्यमाची. तिथे मी दोन गोष्टी पक्क्या शिकले: आवाज खाली ठेवायचा आणि दुसऱ्याच्या कामात डोकवायचं नाही. शेलूबाजारात या दोन्हींचा काडीचा उपयोग होत नाही. ऑफिसात मी पाचव्या महिन्यापर्यंत कोणाला कळू दिलं नव्हतं, ढगळ कुर्ते घालून फिरत होते. इथे बसमधून उतरले आणि फाट्यावरचा केळीवाला म्हणाला, "सातवा ना ताई? रशीदमामू सांगून गेले."

मामूंना मी आधी फोनवरही काही सांगितलं नव्हतं. त्यांनी आईकडून काढून घेतलं होतं, आणि आईकडून गोष्ट काढायला वेळ लागत नाही.

एका बाबतीत मात्र ते फार संकोची होते. परक्याच्या लेकीशी पोटाविषयी थेट कसं बोलायचं? म्हणून माझ्याशी बोलताना ते कडुनिंबाकडे पाहत. "झोप डाव्या कुशीवर लागून राह्यली का?" हे निंबाला विचारलं जाई. "पाय सुजले असन तर मिठाचं कमी करा म्हना," हेही निंबालाच. मी ओट्यावर पाय वर करून बसलेली असे आणि झाडाच्या वतीनं उत्तर द्यायचं की नाही, या विचारात पडे.

फोनमध्ये माझं एक ॲप होतं. दर आठवड्याला ते सांगायचं की बाळ आता अमुक भाजीएवढं झालं. एकदा आईनं ते मोठ्यानं वाचलं, "वांग्याएवढं झालं म्हनते."

समोरून मामू उठून उभे राहिले. "वांग्याएवढं? कोनतं वांगं? भरताचं का भाजीचं?"

"ते लिहिलं नाही," मी म्हटलं.

"हे बराबर नाई. आठ महिने पोटात वागवा आन हे वांगं म्हनते. आन वांग्यात तरी काई माप पाह्यजे का नाई? आपल्याकडची वांगी, जळगावची वांगी, काई सांगाव लागते का नाई?" त्यांचा संताप इतका खरा होता की दुसऱ्या दिवशी ते बाजारातून तीन आकारांची वांगी घेऊन आले आणि डॉक्टरीणबाईंना दाखवून विचारा म्हणाले. मी ती नेली नाहीत. आईनं त्यांचं भरीत केलं. मला छातीत जळजळ असल्यामुळे तेही खाता आलं नाही.

आठव्या महिन्यात एक दिवस पोट दगडासारखं घट्ट झालं आणि थोड्या वेळानं सैल पडलं. असं दोनतीनदा झालं. दवाखान्यात फोन केला, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या खोट्या कळा, पाणी प्या, पडून राहा, नियमित येऊ लागल्या तर निघा. आईनं हे रस्त्यापलीकडे कळवलं.

"खोट्या?" मामू कडाडले. "कळ कदी खोटी राह्यते का? ज्याच्या पोटात येते त्याले विचारा! यायले कोनं डॉक्टर केलं?"

त्या वेळी मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. पण ते रस्त्यावर, एक सायकल पंक्चरवाला आणि त्याची दोन गिऱ्हाइकं ऐकत असताना पटायला नको होतं.

आणखी एक दिवस सांगते, म्हणजे माझ्या रागाला काही आधार होता हे कळेल. मी बाहेर आले तर जीपचा मागचा दरवाजा उघडा, आणि आत मागच्या सीटवर माझे बाबा आडवे. डाव्या कुशीवर, गुडघे दुमडून, डोकं डाव्या खिडकीकडे. बाबांचं कृषी केंद्र आहे. गिऱ्हाइकांना बियाण्याची माहिती देणारा भारदस्त माणूस. मामू त्यांच्या पाठीशी उश्या खुपसत होते.

"बाबा, तुम्ही काय करताय?"

"अगं, माझंही पोट आहेच ना," बाबा आतून म्हणाले. "रशीदभाऊ म्हणाले, मापाला बरं पडेल."

"डोकं उजवीकडं ठेवलं तर तोंड सीटच्या पाठीले लागते," मामूंनी निंबाला समजावलं. "जीव घाबरते. डोकं डावीकडं ठेवलं का तोंड सामोर, रस्ता दिसते. हे कोनी सांगितलं तुले? कोनी नाई सांगत! हे बराबर नाई."

आता ब्रेकरविषयी. आमच्या गावापासून दवाखान्यापर्यंत एकोणीस गतिरोधक आहेत, म्हणजे तेव्हा होते. मामूंना ते पाठ होते आणि त्यांच्यावर मामूंचा वैयक्तिक राग होता. चौथा शाळेसमोरचा, तो त्यांना मान्य होता. सातवा एका पुढाऱ्याच्या घरासमोरचा; तो अजिबात मान्य नव्हता. अकराव्याच्या शेजारी चहाचं हॉटेल होतं, आणि गाड्या हळू झाल्या की लोक चहाला उतरतात म्हणून तो वाढत वाढत मोठा झाला, असा त्यांचा आरोप होता. सोळावा तर ब्रेकरच नव्हता. एका शेतकऱ्यानं पलीकडच्या वावरात पाणी न्यायला रस्त्यावर पाइप आडवा टाकला होता आणि त्यावर मुरूम लोटला होता. दह्याला दर वेळी पाणी सुटायचं ते या सोळाव्यावर.

मामू त्या शेतकऱ्याशी तीन दिवस भांडायला जात होते. "तुह्या पाइपावरून माह्या घरची पोरगी जाणार हाय," हे त्यांचं म्हणणं. शेतकरी म्हणाला, "माह्या हरभऱ्याले पानी कोन देणार?" तिसऱ्या दिवशी मामूंनी त्याला गंज दाखवला. फुटलेलं दही पाहून तो शेतकरी काय समजला मला माहीत नाही, पण त्यानं घरातल्या माणसांना बोलावून मुरूम दोन्हीकडे लांबपर्यंत पसरवला आणि छान उतार काढून दिला. त्यानंतरच्या फेरीत दही सबंध आलं. मामूंनी ते ओट्यावर ठेवलं आणि पहिल्यांदा निंबाकडे न पाहता हसले.

मला मात्र या सगळ्याचा अर्थ पुढच्या तपासणीला कळला. आई आणि मी जीपनं निघालो. मामू प्रत्येक ब्रेकरला जवळजवळ थांबत, "एक नंबर... आला... गेला," असं म्हणत आणि मग पुढे सरकत. आणि प्रत्येक ब्रेकरवर आमची वाट पाहणारं कोणी ना कोणी होतं.

अकराव्यावर हॉटेलवाला कढई सोडून आला. "काय मामू, आज दही नाई आनलं?"

"अबे, आज खुद्द पोरगी हाय मांगं!"

हॉटेलातले सगळे उठले. खिडकीतून पाच चेहरे आत आले. "हे होय का," त्यातला एक म्हणाला. मी पर्स पोटावर धरली. पर्स फार लहान होती.

चौथ्यावर एक बाई आधीच खिडकीशी येऊन गेल्या होत्या. "उतर ना माय जरा. चालून दाखव. पयले डावा टाकते का उजवा, पाहू दे." म्हणजे मुलगा की मुलगी हे ठरवायला मी डांबरी रस्त्यावर चालून दाखवायचं होतं. मामूंनी मात्र गिअर टाकला आणि म्हणाले, "लेकरू हाय, बाई. बस झालं." एवढं एकच वाक्य त्या दिवशी मला आवडलं.

सोळाव्यावर शेतकरी कुटुंबासह उभा होता. त्यानं जीप थांबवली, उतारावरून आम्हाला सावकाश जाऊ दिलं, आणि मागून ओरडला, "बाई, पाइप झाकला बरं का तुमच्यासाठी! पेढे आनजा!"

दवाखान्यात माझा रक्तदाब थोडा जास्त निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही टेन्शन आहे का? मी म्हटलं, नाही.

परत आल्यावर आई घरात गेली. मी रस्त्यातच उभी राहिले. आयुष्यात मी कोणावर मोठ्यानं ओरडले नाही, त्या दिवशीही ओरडले नाही, पण बोलले.

"मामू, हे पोट माझं आहे. रस्त्याचं नाही."

"हाव न बाई," मामू निंबाला म्हणाले. "तुहंच हाय."

"मग मी डिलिव्हरीला तुमच्या जीपनं जाणार नाही. निखिल वाशीमहून गाडी ठरवतो आहे. एसी."

आता मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एसीनं ब्रेकर सपाट होते काय?"

"ब्रेकर मला चालतील. लोक चालणार नाहीत."

ते "हे बराबर नाई" म्हणतील म्हणून मी थांबले. त्यांनी जीपचा मागचा दरवाजा लावला, आतल्या उश्या काढून काखेत घेतल्या आणि घरात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपवर ताडपत्री होती.

चार दिवस समोरून एक शब्द आला नाही. निंबही मोकळा झाला. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि मी खूष आहे असं मी निखिलला फोनवर दोनदा सांगितलं. आई माझ्याशी तुटक बोलत होती. "मोठा माणूस हाय श्वेतू," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "मोठा असला म्हणून काय? माझ्याबद्दल सगळ्या तालुक्याला सांगायचं?" आई म्हणाली, "त्याच्याकडं सांगाले दुसरं काय हाय?" मला ते उत्तर वाटलं नाही.

मग नववा महिना लागला आणि माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला.

या दिवसांविषयी पुस्तकांत पुष्कळ लिहिलेलं असतं. धाप लागेल, पाठ दुखेल, झोप लागणार नाही, दर तासाला लघवीला जावं लागेल. कुठे जावं लागेल, हे कोणी लिहीत नाही. आमचा संडास परसात, दोन पायऱ्या चढून, जुन्या पद्धतीचा. उकिडवं बसायचं आणि मग उठायचं. पोटात पूर्ण वाढलेलं मूल असताना उठायचं. धरायला समोर फक्त बादली. मी एकदा बादलीला धरून उठले, तेव्हा बादलीच माझ्याबरोबर उठली. ही ॲपं, हे सल्ले, हे वांगी-पपया मोजणारे सगळे लोक. यांच्यातल्या एकालाही कधी दिवसातून बारा वेळा उकिडवं बसावं लागलं नसणार. मला इतका राग आला होता की मी आत बसून रडले, आणि मग उठता येईना म्हणून आणखी रडले. शेवटी आईनं येऊन ओढून काढलं.

बाबांनी मधोमध भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची आणली. तिसऱ्या दिवशी तिचा एक पाय बाहेर फाकला. मी वेळेवर भिंत धरली म्हणून वाचले.

आई त्या मोडक्या खुर्चीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "रशीदभाऊकडं हाय."

"काय आहे?"

"इंग्लिश संडास."

मला खरं वाटेना. एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे, ज्याच्या घरात टेबलसुद्धा नाही, तिथे कमोड? "तुला कसं माहीत?"

"मीच तं मिस्त्री सांगितला होता," आई म्हणाली. "मी विचारून येते, मंग जा तू."

"मी नाही जाणार. कोणत्या तोंडानं जाऊ? जीप नको म्हणाले आणि आता..."

"मंग बस बादली धरून."

अभिमानाला नवव्या महिन्यात फार वेळ देता येत नाही. दहा मिनिटांनी मी रस्ता ओलांडला.

मामू दारात होते. माझ्याकडे पाहिलं नाही. "सीधा जाय. अंगनात उजवीकडं," म्हणाले, खुर्ची उचलली, थेट रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली आणि घराकडे पाठ करून बसले. लगेच रेडिओवर सोयाबीनचे बाजारभाव मोठ्यानं सुरू झाले.

अंगणात उजव्या हाताला पांढरं दार होतं. आत खरबरीत फरशी, पाय घसरू नये अशी. एकही पायरी नाही. कमोडच्या दोन्ही बाजूंना भिंतीत पक्के बसवलेले स्टीलचे दांडे, बरोबर हात पोचेल तिथे. दिव्याचं बटण खाली, बसल्या बसल्या दाबता येईल असं. कोपऱ्यात पाठ टेकून अंघोळ करता यावी असा सिमेंटचा ओटा, त्याच्याही कडेला दांडा. एका खुंटीला नवा टॉवेल, घडीच्या रेघा तशाच.

आणि कमोडच्या झाकणावर प्लास्टिकचं वेष्टन. दुकानातून येतं ते. त्यावरची किमतीची चिठ्ठी पिवळी पडली होती.

मी उभी राहिले. उभं राहण्याची माझी परिस्थिती नव्हती, तरी राहिले. हे कोणी कधी वापरलंच नव्हतं. मामू स्वतः घरामागच्या जुन्या संडासात जात असणार. वापरायचं की नाही, मला कळेना. मग पोटातून एक लाथ बसली आणि प्रश्न सुटला. मी प्लास्टिक फाडलं. त्याचा इतका मोठा आवाज झाला की बाहेर रेडिओचा आवाज आणखी वाढला.

नंतर मी साखळी ओढली. पाणी धडधडत आलं.

"आलं का पानी?" रस्त्यावरून हाक आली.

"आलं, मामू."

"येनारच. दर जुम्म्याले चालू करून पाह्यतो. सात वरसात एक डाव खराब नाई होऊ देल्लं."

मी बाहेर आले. दांड्यांना धरून किती सहज उठता आलं होतं, याचाच मला अजून आनंद होत होता, आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. मामूंनी रेडिओ बंद केला, पण वळले नाहीत. रस्त्याकडे पाहतच बोलले.

"शबानासाठी बसोलं होतं. पयल्या टाइमले. तिची माय नाई न, मंग मीच साऱ्याइले विचारलं. तुह्या मायले विचारलं, नर्सबाईले विचारलं. काय काय लागते, कसं कसं होते. एकेक महिन्याचं. डिंकाचे लाडू शिकलो. पयल्या खेपीले गोटेच झाले, दुसऱ्या खेपीले जमले." थोडं थांबून म्हणाले, "सातवा लागला आन जीप घेऊन गेलो आनायले. भुसावळले."

मी विचारलं नाही. ते मला येत नाही. मी त्यांच्या ओट्यावर टेकले.

"समधन, म्हंजे शबानाची सासू, चांगली बाई हाय. चा देल्ला, नाश्ता देल्ला. मंग म्हनते, भाईसाब, घर में कोई औरत नहीं, जचकी कौन करेगा? मी म्हटलं, मैं करूंगा." मामूंनी दाढीवरून हात फिरवला. "सारे हासले. बराबरच हाय, हासन्यासारखंच हाय. शबाना बी हासली."

एक जीप धुरळा उडवत गेली. त्यांनी तो खाली बसू दिला.

"आता दोन लेकरं हायेत. ईदले येते. वाशीमले मावशीकडं उतरते, तिथं बाईमानूस हाय. इथं येते, चा पिते, जाते. घाई राह्यते तिले."

मी घरी आले आणि निखिलला फोन लावला. गाडी नको, म्हटलं. तो म्हणाला, अगं पण एसी आहे. मी म्हटलं, "एसीनं ब्रेकर सपाट होतात का?" लग्नाला तीन वर्षं झाली, माझा असा आवाज त्यानं ऐकला नव्हता.

त्यानंतर मी रोज रस्ता ओलांडू लागले. दिवसातून किती वेळा ते सांगत नाही. मी दारात दिसले की मामू खुर्ची उचलत. ताडपत्री निघाली. निंबाला पुन्हा प्रश्न विचारले जाऊ लागले, आणि एकदोनदा मी निंबाच्या वतीनं आपणहून उत्तरही दिलं. डिंकाचे लाडू आले. सिमेंटच्या ओट्यावर बसून आईनं मला गरम पाण्यानं अंघोळ घातली, बाहेर मामू पेटवलेला बंब सांभाळत होते आणि ओरडत होते, "पाठीवर घाला वैनी, पोटावर नाई! हे बराबर नाई होऊन राह्यलं!"

"तुमाले दिसून राह्यलं का तिकडून?" आई ओरडली.

"आवाजावून समजते!"

बाळंतपणाचं म्हणाल, तर ते वाशीमला एका दुपारी नीट झालं. मुलगी झाली. जाताना मी डोकं डावीकडे करून पडले होते, तोंड समोर, रस्ता दिसत होता, आणि एकोणीसच्या एकोणीस ब्रेकरांवर लोक बाजूला होऊन गप्प उभे होते. हे त्यांना कोणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या चार दिवस आधीचं. दुपारची वेळ होती. मी पांढऱ्या दारातून बाहेर आले, तर मामू अंगणात उभे. हातात फोन, हात लांब केलेला, जसा काही तो फोन गरम होता.

"जरा बोल," म्हणाले.

"कोणाशी?"

"शबाना हाय."

इतक्या वर्षांत न बोललेल्या माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्या दिवशी तिथे जागाही नव्हती. "मी काय बोलू, मामू?"

"काई नाई." ते निंबाकडे पाहत नव्हते, रस्त्याकडेही नाही. माझ्याकडेच पाहत होते. "तिले फक्त सांग. का इथं जमते म्हनून."

फोन माझ्या हातात देऊन ते चटकन अंगणाबाहेर निघून गेले. मी फोन कानाला लावला. पलीकडे लहान मुलांचा गोंगाट होता आणि एक बाई "हॅलो, अब्बा?" म्हणत होती.

"शबानाताई," मी म्हटलं, "मी समोरची श्वेता. तुमच्या घरून बोलते आहे."

पलीकडचा गोंगाट थांबला. तिनं मुलांना हातानं गप्प केलं असावं. मी त्या दांड्यांविषयी सांगू लागले, खरबरीत फरशीविषयी, खाली बसवलेल्या बटणाविषयी. तेवढ्यात रस्त्यावरून फटफट करत एक ट्रॅक्टर आला, मला माझंच बोलणं ऐकू येईना, म्हणून मी दारातून पाहिलं. मामू दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे होते. ट्रॅक्टर त्यांच्या पुढ्यात थांबला होता आणि ते पूर्ण ताकदीनं ओरडत होते, "अबे, बंद कर ते! माही लेक बोलून राह्यली!"